निळ्या उजेडातले प्रवाळ: कॅमेरा बदलण्याआधी उजेड बदला

देवगडहून एका वाचकाने विचारलं आहे. घरी तीन फुटी खाऱ्या पाण्याचा टँक आहे. त्यात झोअँथिड, मशरूम, एक लेदर आणि झेनिया असे प्रवाळ. संध्याकाळी निळे दिवे लागले की डोळ्यांना सगळं झगमगतं, फोटोत मात्र नुसती निळी राड, त्यात दाणे आणि हललेले पॉलिप (प्रवाळाचे एकेक तोंडवाले छोटे जीव). हाताशी जुना डीएसएलआर, किट लेन्स आणि फोन. कमी उजेडात चालणारा महागडा कॅमेरा घ्यावा का, नारिंगी फिल्टर लावणं म्हणजे फसवणूक का, फ्लॅशने प्रवाळांना इजा होते का, आणि ओहोटीला खडकांवर दिसतात तसले जीव टँकमध्ये आणावेत का, असे त्यांचे चार प्रश्न आहेत.

पहिल्याचं उत्तर सरळ देतो: कॅमेरा घेऊ नका. निदान आत्ता तरी नको. गेली कित्येक वर्षं मी रत्नागिरी-मालवण पट्ट्यात लोकांच्या घरचे आणि हॉटेलांतले टँक टिपतो आहे. ‘कॅमेरा कमी पडतो’ म्हणून जी तक्रार येते, तिच्या मुळाशी बहुतेक वेळा दिवा असतो. तुमच्या टँकमध्ये उजेड कमी नाही, तो एकांगी आहे. कमी उजेडाचे इलाज वेगळे आणि एकांगी उजेडाचे वेगळे. तुम्ही पहिले करत बसलात म्हणून दुसरा आजार बरा झाला नाही.

हे असं का होतं ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप सुचेल. रीफ टँकच्या एलईडीचा बराचसा उजेड ४०० ते ४८० नॅनोमीटरच्या पट्ट्यात असतो, म्हणजे जांभळा आणि निळा. ज्याला रॉयल ब्लू म्हणतात तो साधारण ४५० च्या आसपास. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर मात्र दर चार पिक्सेलमागे दोन हिरवे, एक लाल आणि एकच निळा असतो. नुसता निळा दिवा लावला की तो एक पिक्सेल काठोकाठ भरतो, दोन हिरव्यांना जेमतेम काही मिळतं आणि लाल जवळजवळ उपाशी राहतो. कॅमेऱ्याचा मीटर मुख्यतः हिरव्याकडे झुकलेला असतो. त्याला वाटतं काळोख आहे, म्हणून तो आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, चढवतो, शटर लांबवतो आणि आधीच भरलेला निळा वाहून जातो. मग तुम्ही घरी बसून व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) उबदार करता, म्हणजे त्या उपाशी लालला पाच-सहापट फुगवता. त्याच्यात होता तो नुसता गोंगाट, तोच मोठा होऊन दिसतो. तुमच्या फोटोतले दाणे इथून येतात. दोन लाखांच्या कॅमेऱ्यातही पिक्सेलांची मांडणी बहुधा हीच असते. तोही इथे अडतो, फक्त थोडा उशिरा.

खात्री करून घ्यायची असेल तर तुमचा एखादा हिरव्या-नारिंगी झोअँथिडचा फोटो उघडा आणि तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम (डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड असा आलेख) पाहा. एकत्रित पांढरा हिस्टोग्राम पाहू नका, तो या बाबतीत खोटं बोलतो. निळ्याचा डोंगर उजव्या भिंतीला चिकटलेला दिसेल आणि लालचा ढीग डाव्या कोपऱ्यात. आता पॉलिपवर झूम करा. तोंडाभोवती तबकडीवर ज्या बारीक अरीय रेघा असतात, त्या पुसून एक सपाट निळा डाग झालेला असेल. कडेच्या झालरीची बोटं एकमेकांत मिसळलेली असतील. बघणाऱ्याला वाटतं फोकस चुकला. फोकस बरोबर असतो, तपशील निळ्यात बुडालेला असतो.

म्हणून पहिलं काम दिव्याचं. तुमच्या दिव्याला पांढऱ्याचा वेगळा चॅनल असेल तर फोटोपुरता तो चढवा. निळा बंद करायची गरज नाही. दोन्ही मिळून डोळ्याला किंचित थंड पांढरा वाटेल इथपर्यंत या. एकदम २० टक्क्यांवरून १०० वर उडी मारू नका, पाच-सात मिनिटांत हळूहळू न्या, नाहीतर काही पॉलिप आक्रसतात आणि मग तासभर उघडत नाहीत. पंधरा-वीस मिनिटांच्या पांढऱ्या उजेडाने निरोगी प्रवाळांचं काही बिघडत नाही. चॅनल वेगळे नसतील तर ५६०० ते ६५०० केल्विनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारख्या रंगाचा, चांगल्या प्रतीचा एलईडी फ्लडलाइट वरून लावा. तो पक्का बांधा. खाऱ्या पाण्यावर लोंबकळणारी वायर आणि ओले हात ही जोडी जिवावर बेतते, त्यामुळे टँकच्या लाइनला ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) नसेल तर फोटोचा विचार नंतर, आधी वायरमनला बोलवा.

दिवा मंद करून फोटो काढू नका. बरेच एलईडी मंद होताना खरं तर फार वेगाने चालू-बंद होत असतात. डोळ्याला ते कळत नाही, पण वेगवान शटरला, त्यातही फोनच्या आणि मिररलेसच्या इलेक्ट्रॉनिक शटरला, ते आडव्या पट्ट्यांच्या रूपात दिसतं. पट्ट्या आल्याच तर दिवा पूर्ण करा, मेकॅनिकल शटर वापरा किंवा शटर १/५० किंवा १/१०० वर आणा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने साध्या दिव्यांच्या बाबतीत हे दोन आकडे बहुधा सुटतात.

आता व्हाइट बॅलन्स. ऑटो विसरा. बहुतेक कॅमेऱ्यांचा केल्विनचा आकडा १०,००० ला संपतो, फोनचा त्याच्याही आधी, आणि तुमचा संध्याकाळचा टँक त्याच्या कितीतरी पलीकडे असतो. पांढरा चढवल्यावर तो आवाक्यात येतो. मग कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या, आणि तो पाण्यात, प्रवाळाच्याच खोलीवर घ्या, कारण दिव्यापासूनचं अंतर बदललं की रंगही बदलतो. त्यासाठी कोरा कागद वापरू नका. कागदात पांढरेपणासाठी घातलेली रसायनं जांभळ्या उजेडात स्वतःच निळसर चमकतात आणि कॅमेऱ्याला चकवतात. माझ्या किटमध्ये बोटभर पीव्हीसी पाइप असतो, त्यावर प्लंबरची टेफ्लॉन टेप चांगली जाड गुंडाळलेली. टेप पातळ असल्यामुळे एक-दोन वेढ्यांत खालचा पाइप दिसतो, पंचवीस-तीस वेढे द्या. टेफ्लॉन जवळजवळ सगळे रंग सारख्या प्रमाणात परतवतं, पाण्यात विरघळत नाही आणि हार्डवेअरच्या दुकानात चहाच्या पैशांत मिळतं. तो पाइप मासे पकडायच्या चिमट्याने प्रवाळाशेजारी धरायचा, त्याने फ्रेम भरायची, कस्टम वाचन घ्यायचं. कॅमेरा ‘वाचन जमलं नाही’ म्हणाला तर पाइपचा एक साधा फोटो काढून ठेवा, नंतर संगणकावर त्याच्यावर व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर टेकवता येतो.

हे सगळं रॉमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये. जेपेगमध्ये निळा एकदा कापला गेला की गेला. लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये रॉ फाइलला ५०,००० केल्विनपर्यंत जाता येतं, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर तुमच्या दिव्याखाली कॅमेऱ्याचं वेगळं प्रोफाइल बनवून ती मर्यादाही ओलांडता येते. पण पांढरा चॅनल चढवलेला असेल तर एवढ्या लांब जावं लागत नाही.

नारिंगी फिल्टरच्या प्रश्नावर जरा सविस्तर बोलतो, कारण गैरसमज इथेच जास्त आहेत. निळ्या दिव्याखाली प्रवाळाकडून डोळ्यापर्यंत दोन वेगळे उजेड येतात. एक, दिव्याचाच निळा, पृष्ठभागावरून परतलेला. दुसरा, प्रवाळाने निळा गिळून स्वतः बाहेर टाकलेला हिरवा, नारिंगी, लाल. ही चमक त्यांच्या पेशींतल्या प्रथिनांची असते. अशा प्रथिनांपैकी पहिलं एका जेलीफिशमध्ये सापडलं. त्या हिरव्या प्रथिनावरच्या कामासाठी ओसामू शिमोमुरा, मार्टिन चॅल्फी आणि रॉजर त्सिएन यांना २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. लाल प्रथिन १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं आणि ते डिस्कोसोमाचं, म्हणजे तुमच्या टँकमध्ये ज्याला आपण मशरूम म्हणतो त्याच कुळातलं. आज जगभरच्या प्रयोगशाळांत पेशी रंगवायला ही प्रथिनं वापरतात आणि तुमच्या घरी ती रोज संध्याकाळी सात वाजता उजळतात. ही गोष्ट मला अजूनही थक्क करते.

तर फिल्टर करतो काय? परतलेला निळा अडवतो आणि प्रवाळाने स्वतः टाकलेला उजेड सोडतो. तो उजेड तिथे खरोखर असतोच, फिल्टर नवा रंग घालत नाही. त्यामुळे ही फसवणूक नव्हे. फोटोखाली ‘निळा दिवा, पिवळा फिल्टर’ एवढं लिहा म्हणजे झालं. न लिहिता विक्रीला लावलात तर मात्र घेणाऱ्याची फसगत होते, कारण त्याच्या घरी साध्या डोळ्यांना तो तसा दिसणार नाही.

फिल्टर निवडताना माझी पसंती गडद पिवळ्याला, जुन्या नंबरांत सांगायचं तर १२ किंवा १५. तो निळा कापतो आणि हिरवा राखतो. नारिंगी आणखी पुढे जाऊन हिरव्याचाही काही भाग खातो, म्हणून हिरवे झोअँथिड पिवळट दिसतात. नारिंगी-लाल मशरूमला तो शोभतो. विकत घेण्याआधी अंदाज घ्यायचा असेल तर आपल्याकडे दशावताराच्या किंवा गणपतीतल्या नाटकांच्या प्रकाशयोजनेवाल्यांकडे जिलेटिन पेपर असतो. त्याचा सुरकुती नसलेला तुकडा लेन्सपुढे अगदी चिकटवून धरा. फोटो थोडा मऊ येईल, पण फिल्टर तुमच्या दिव्याला चालतो का ते कळेल. या प्रकारात पांढरा चॅनल पूर्ण बंद, निळा पूर्ण, खोलीत काळोख, व्हाइट बॅलन्स ५५०० च्या आसपास कायम ठेवलेला. फिल्टर उजेड बराच खातो. खऱ्या अर्थाने कमी उजेडाचा फोटो हाच, आणि तिपाई इथे लागतेच.

यातून एक कामाची गोष्ट दिसते, शोभेपलीकडची. निरोगी प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. त्याच्यातलं हरितद्रव्य निळ्याखाली गडद लाल चमकतं, सुमारे ६८० नॅनोमीटरला. चांगल्या फिल्टरमागे हिरव्या रेघांच्या मध्ये ती लालसर झाक दिसते. ताण पडून शैवाल निघून गेलं की झाक जाते, आणि गंमत अशी की हिरवी चमक काही काळ अधिकच झळाळते, कारण तिला झाकणारा तपकिरी थर उरलेला नसतो. निळ्याखाली तुम्हाला वाटतं प्रवाळ काय खुलला आहे! पांढरा दिवा लावला की तो फिका पडलेला कळतो. आपल्याकडे मे महिन्यात पाणी तापतं, दुपारी लाइट जाते आणि चिलर, पंखे बंद पडतात, तेव्हा हे हमखास घडतं. म्हणून माझा आग्रह असतो की दर महिन्याला प्रत्येक प्रवाळाचा एक फोटो पांढऱ्या उजेडात, त्याच सेटिंगवर, त्याच कोनातून, टेफ्लॉनचा पाइप फ्रेमच्या कोपऱ्यात ठेवून काढाच. तो कुणाला दाखवायचा फोटो नसतो. तो तुमचा रोगनिदानाचा कागद असतो.

आता हलण्याबद्दल. वेव्हमेकर (टँकमधलं पाणी ढवळणारा पंप) आणि परतीचा पंप दोन्ही बंद करा. परतीचा पंप थांबला की वरचं पाणी सम्पमध्ये, म्हणजे खालच्या टाकीत, उतरतं, त्यात तेवढी जागा आहे ना हे एकदा आधीच तपासून ठेवा. ऑटो टॉप-ऑफ, म्हणजे आटलेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र, तेही बंद करा, नाहीतर पातळीचा घोळ होऊन तो गोडं पाणी ढकलत बसतो. दोन-तीन मिनिटांत पाण्यातले कण बसतात, लेदरची बोटं शांत होतात. मग दहा मिनिटं तुमची. फोनवर गजर लावून बसा, कारण फोटोच्या नादात पंप विसरले जातात आणि आपल्याकडच्या उष्ण पाण्यात प्राणवायू मुळात कमी विरघळतो. खाणं घातल्यावर लगेच फोटो काढू नका, पाणी बदलल्यावरही नाही, सूक्ष्म बुडबुडे तासन्‌तास तरंगत राहतात. पाण्याला पिवळसर झाक असेल तर आदल्या दिवशी ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन घाला, फरक फोटोत दिसतो.

झेनियाला पंपाशी देणंघेणं नाही. ती स्वतःच मुठी उघडत-मिटत असते, तिला १/१२५ किंवा त्याहून वेगवान शटर द्या. बाकीच्यांना तिपाईवर १/३० सुद्धा चालतं. शटर बोटाने दाबू नका, दोन सेकंदांचा टायमर लावा. जुन्या घरात लाकडी तक्तपोशीवर टँक नसेलच, पण तिपाई लाकडी जमिनीवर असेल तर त्या दहा मिनिटांत घरच्यांना चालू-फिरू नका म्हणून सांगा.

आयएसओची धास्ती सोडा. बरोबर एक्स्पोजर दिलेला १६०० चा फोटो हा अंधारा काढून नंतर उजळलेल्या ४०० च्या फोटोपेक्षा चांगलाच असतो. पांढरा-निळा दोन्ही पूर्ण असताना एफ ८, १/१२५, आयएसओ ८०० ते १६०० इथून सुरुवात करा आणि निळ्याचा हिस्टोग्राम उजव्या भिंतीला टेकणार नाही एवढंच पाहा. फिल्टर लावल्यावर एफ ५.६, १/३०, १६००. तुमच्या दिव्याप्रमाणे हे आकडे सरकतील.

ॲपर्चर (लेन्सचं छिद्र, एफचा आकडा त्याचाच) किती बंद करावं यावर एक बारीक मुद्दा. जवळून फोटो काढताना लेन्स सेन्सरपासून लांब जाते, तसा उजेडही कमी होतो. वस्तूच्या निम्म्या आकाराची प्रतिमा घेताना एफ ८ प्रत्यक्षात एफ १२ सारखं वागतं, आणि पूर्ण आकाराच्या मॅक्रोला (अगदी जवळून काढलेल्या फोटोला) एफ १६ सारखं. म्हणून एफ १६ लावून ‘सगळं फोकसमध्ये आणतो’ म्हणालात की विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरल्यामुळे, सगळंच मऊ होतं. एफ ८ ते ११ च्या पुढे मी जात नाही. पॉलिपचं तोंड टोकदार ठेवा, कडा सुटल्या तरी चालतील.

निळ्या उजेडात ऑटोफोकस भरकटतो. लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून हाताने फोकस करा. सोपं पडावं म्हणून बाजूने छोटी पांढरी टॉर्च मारा, फोकस झाला की बंद करा. नंतर रिंग फिरवण्यापेक्षा कॅमेराच मिलिमीटर-दोन मिलिमीटर पुढेमागे करणं जास्त अचूक असतं.

काच. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि लोक सगळ्यात कमी. लेन्स काचेला काटकोनात हवी. थोडी जरी तिरकी झाली तरी काच आणि पाणी मिळून प्रतिमा ओढतात, कडांना जांभळ्या-हिरव्या रेषा येतात, आणि हा दोष नंतर पुसता येत नाही. वरून खाली वाकून खालचा मशरूम टिपायचा मोह होतो, तसं न करता तिपाईच खाली आणा. आतली शेवाळ चुंबकी घासणीने काढा, बाहेरचा मिठाचा थर आधी ओल्या फडक्याने विरघळवा आणि मगच कोरड्या मायक्रोफायबरने पुसा. कोरडं मीठ घासलंत तर काचेवर चरे पडतात. फोटो सूर्यास्तानंतर काढा. आपल्या घरांत पडवीकडून, खिडकीतून माडांचं प्रतिबिंब काचेत हटकून उतरतं. घरातला टीव्ही बंद, काळा शर्ट अंगात, आणि लेन्सला रबरी हूड लावून तो काचेला अलगद टेकवा. पोलरायझरचा, म्हणजे चकाकी घटवणाऱ्या फिल्टरचा, इथे उपयोग नाही. काटकोनातून येणारं प्रतिबिंब तो काढत नाही, उलट दीड-दोन स्टॉप उजेड घेऊन जातो.

पाण्यामुळे प्रवाळ जवळ भासतो, काचेमागे २० सेंटिमीटरवर असलेला १५ वर असल्यासारखा. पण प्रत्येक सेंटिमीटर पाणी तपशील खातं. म्हणून पुढच्या काचेजवळचे प्रवाळ निवडा. झोअँथिड आणि मशरूम यांची तबकडी मुळात दिव्याकडे तोंड करून असते, त्यांचं खरं रूप वरून दिसतं. एका उभ्या ॲक्रिलिक डब्याला तळाशी सपाट स्वच्छ काच चिकटवलेली असेल तर तो पाण्यात बोटभर बुडवून त्यातून टिपा. पृष्ठभागाची थरथर संपते. कॅमेऱ्याचा पट्टा मनगटात अडकवल्याशिवाय टँकवर वाकू नका.

पैसे खर्च करायचेच असतील तर कॅमेऱ्याऐवजी इथे करा: ५० मिमीची साधी लेन्स आणि २५ मिमीच्या आसपासची एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी पोकळ नळी). त्या जोडीने निम्म्या आकाराच्या पुढे जाता येतं, म्हणजे एक मोठा झोअँथिड फ्रेमचा चांगला भाग व्यापतो. ट्यूबला इलेक्ट्रॉनिक संपर्क असलेली घ्या, नाहीतर ॲपर्चर बदलता येत नाही. पुढे जमलं तर ९० किंवा १०० मिमीची मॅक्रो.

फोनवर थोडक्यात: प्रो मोड, रॉ सुरू, नाइट मोड आणि एचडीआर बंद. ते अनेक फ्रेम एकत्र करतात आणि हलते पॉलिप त्यात दुहेरी होतात. अतिरुंद लेन्सच्या मॅक्रोपेक्षा मुख्य कॅमेरा दुप्पट झूमवर ठेवून काचेला सपाट टेकवलेला बरा. पिवळा फिल्टर फोनला लावला तर फरक लगेच दिसतो.

फ्लॅशबद्दल. इतक्या क्षणिक उजेडाने प्रवाळ बिघडलेला मी पाहिलेला नाही. माशांचं मात्र वेगळं. काळोखात अचानक फ्लॅश पडला की काही मासे बिथरून दगडावर, झाकणावर आपटतात. त्यामुळे खोलीचा दिवा लावून मगच फ्लॅश वापरा. समोरून मारलात तर काच चमकते आणि पाण्यातला प्रत्येक कण उजळतो, वरून तिरका मारा, मध्ये डिफ्यूझर ठेवा. फ्लॅशमध्ये चमक मरते आणि कातडीचा खरा रंग दिसतो. दोन्ही प्रकार खरेच आहेत, कुठला हवा ते तुम्ही ठरवा.

पावसाळ्याची काळजी वेगळी सांगायला हवी. जून ते सप्टेंबर आपल्याकडच्या दमटपणात लेन्सच्या आत बुरशीचे जाळे धरतात, आणि टँकशेजारची हवा वर्षभर खारी. कॅमेरा कपाटात, कातडी पिशवीत ठेवू नका. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल आणि दोनशे-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांत. तांदळाच्या डब्यात लेन्स ठेवायचा प्रकार करू नका, पिठूळ धूळ आत जाते. एसीच्या खोलीतून आणलात तर पिशवीतच अर्धा तास राहू द्या, नाहीतर काचेवर दव धरतं आणि ते पुसण्याच्या नादात मीठ घासलं जातं.

संगणकावर आधी व्हाइट बॅलन्स, मग निळ्याची संपृक्तता थोडी खाली, मग एक्स्पोजर. लाल-हिरव्याची संपृक्तता वर ढकलू नका. फोटो टँकशेजारी धरून पाहा, डोळ्याला जे दिसतं त्याच्या जवळ आला की थांबा. भडक फोटो पाहून प्रवाळ मागवणारे आणि मग ‘रंग उतरला’ म्हणून दिव्याची तीव्रता वाढवत नेऊन तो जाळून टाकणारे लोक मी पाहतो. त्या भडक फोटोची किंमत एका जिवाने चुकवलेली असते.

शेवटचा प्रश्न खडकांवरच्या जिवांचा. आणू नका. कठीण प्रवाळांच्या सगळ्या जाती, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप आणि समुद्रपंखे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या बरोबरीने. मेलेला तुकडा घरात ठेवणंही त्यात येतं. मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. खडकांवर जे गालिच्यासारखे पसरलेले झोअँथिड दिसतात, त्यांच्या काही नातलगांत पॅलिटॉक्सिन हे फार जहाल विष असतं. खरवडताना, दगड धुताना, उकळताना त्याने माणसं दवाखान्यात गेली आहेत. टँकमधले झोअँथिड हलवतानाही हातमोजे घाला, हात चिरलेला असेल तर त्यांना शिवू नका, डोळे चोळू नका.

टिपायला मात्र जरूर जा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटी खोल जाते. पाणी पूर्ण उतरण्याच्या तासभर आधी खडकांवर पोचा. उघडे पडलेले झोअँथिड मिटून चिकट गोळे झालेले असतात, डबक्यातले उघडे असतात, त्यांच्यावर वेळ घाला. टँकला निरुपयोगी ठरलेला पोलरायझर इथे काढा. डबक्याकडे तिरकं पाहताना तो आभाळाची चकाकी पुसतो आणि तळ दिसू लागतो. शेवाळावर पाय घसरतो, रबरी तळव्याचे बूट घाला, आणि पाणी फिरलं की निघा.

टँकचा पुढचा फोटो पाठवाल तेव्हा रॉ फाइल पाठवा, सोबत टेफ्लॉनच्या पाइपचा फोटोही. जेपेगवरून तुमचा लाल किती उपाशी आहे ते मला सांगता येत नाही.